नगरच्या घरखरेदीचा कागदी खर्च

पेशवाईत नगर परगण्यात घर विकले की पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, शेजारी यांच्या साक्षीने मोडीत खरेदीखत होई. त्याची खरी ताकद कागदापेक्षा या साक्षीत असे. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला आणि गावाच्या साक्षीची जागा हळूहळू सरकारी नोंदीने घेतली. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्यावरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करणे बंधनकारक केले. मग मुद्रांक, नोंदणी फी आणि दस्तलेखकाची मजुरी हे खर्च घराच्या किमतीला कायमचे जोडले गेले. वेगळा करार नसेल, तर खरेदीखताचा मुद्रांक खरेदीदाराने भरायचा, असे कायदाच सांगतो.

जुन्या वाड्याच्या व्यवहारात आणखी एक खर्च निघतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे कितीतरी दस्त मोडीत आहेत. ते वाचून देवनागरीत उतरवणाऱ्या जाणकाराची फी सहसा कोणी हिशेबात धरत नाही. ती धरलीच पाहिजे, कारण वाटण्या आणि गहाण त्याच ओळींत असतात. वकिलाचा शोध अहवाल साधारण तीस वर्षे मागे जातो, वाडा त्याहून जुना असतो.

या खर्चात एक दिलासाही आहे: १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते.