३१ ऑगस्ट : विमुक्त दिन

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला, म्हणून हा विमुक्त दिन. इंग्रजांनी १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात आणलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि त्यातूनच सोलापुरात तारेच्या कुंपणाआडचं सेटलमेंट उभं राहिलं. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे अशा जमातींची माणसं इथे डांबली गेली. ना खटला, ना शिक्षेची मुदत. जन्म हाच गुन्हा! ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि बाहेर पडायचं तर पास घ्यायचा. तरी या ‘गुन्हेगारां’चे हात सोलापूरच्या गिरण्यांना चालत होते. सुधारणा आणि स्वस्त मजुरी यांची सांगड सरकारने सोयीची घातली होती, असंच म्हणावं लागेल.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्येच मोडीत काढला. पण १९५९ साली सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसांच्या नजरेतला संशय कायम राहिला.

माणसं डांबल्याच्या इतर जागांची आठवण जपली गेली आहे. अंदमानच्या सेल्युलर जेलला १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या ११ कैदी वसाहती २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सोलापूरचं सेटलमेंट मात्र टिकून आहे ते ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या टपालाच्या पत्त्यात आणि तिथल्या माणसांच्या आठवणींत. त्या आठवणी नोंदवून ठेवण्याचं काम महापालिका आणि विद्यापीठाने मिळून हाती घ्यायला हवं. कुंपणाआडचे दिवस पाहिलेली पिढी आता थकली आहे.