पानिपतचा खुर्दा



या स्मृतिव्याख्यानासाठी मी पानिपत हा विषय निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, की त्यावर आता सांगण्यासारखे काय उरले आहे? प्रश्न रास्त आहे. मराठी माणसाला पानिपत शिकवावे लागत नाही; ते त्याच्या भाषेतच मुरले आहे. एखाद्या कामाचा पुरता विचका झाला की आपण सहज म्हणतो, ‘पानिपत झाले’. परंतु पानिपतला प्रत्यक्ष जाऊन आल्यापासून मला वाटू लागले आहे, की जे उरले आहे तेच फार मोठे आहे.

दिल्लीहून उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत आहे. गावाबाहेर ‘काला आंब’ नावाचे स्थळ आहे. तेथील आंब्याचे झाड रक्ताने काळवंडले, अशी आख्यायिका आहे. झाड केव्हाच गेले. आज तेथे विटांचा एक स्तंभ, भोवती कुंपण आणि राखलेली बाग आहे. दर वर्षी १४ जानेवारीला तेथे लोक जमतात. त्यांत हरियाणातील रोड समाजाचेही लोक असतात. त्यांच्यापैकी अनेक जण आपले मूळ पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांत आहे असे मानतात.

शहरातील संग्रहालयात १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तिन्ही लढायांचा परिचय घडतो. शस्त्रे, नाणी, मृत्पात्रे, शिलालेख, नकाशे, चित्रे असा संग्रह आहे. पहिल्या लढाईत इब्राहिम लोदीच्या बाजूने लढताना पडलेला आपल्या ग्वाल्हेरचा राजा विक्रमादित्य तोमर याचेही तेथे स्मरण ठेवलेले आहे. आपणांपैकी कोणी गेल्यास ते अवश्य पाहावे. मात्र एकंदर मांडणीचा भर राजे, सेनापती व त्यांची हत्यारे यांवर आहे. ती दालने पाहत असता माझ्या मनात सारखा एकच प्रश्न घोळत होता: ही तलवार ज्याच्या हाती होती, तो त्या दिवशी काय जेवला होता?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. पानिपतचा निकाल लागण्यास जी कारणे झाली, त्यांत भूक हे एक प्रमुख कारण होते. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठी फौजेचा दिल्लीशी संबंध तुटला. नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही सैन्ये समोरासमोर तळ देऊन बसली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशाही मावळली. खंदकाच्या आत लढवय्यांखेरीज बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. वर उत्तरेकडील कडाक्याची थंडी.

त्या काळच्या फौजेची रचना ध्यानात घेतली म्हणजे या उपासमारीचा अर्थ अधिक उमगतो. बारगिराचा घोडा सरकारी असे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. घोडा हीच त्याची मालमत्ता, तीच त्याची रोजी. वैरण संपली तेव्हा शिलेदाराच्या डोळ्यांदेखत त्याचा संसारच मोडत होता. वैरण व लाकूडफाटा आणण्यासाठी रात्री तळाबाहेर पडलेल्या लोकांचा एक मोठा जमाव अफगाणांनी कापून काढला, असे काशीराज पंडित सांगतो. हा काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे प्रतिपक्षाच्या छावणीतून हे सर्व पाहत होता. अखेरीस सरदार व शिपाई भाऊसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, की दोन दिवसांत अन्न पोटात गेलेले नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. उरलेले धान्य वाटले गेले. पोटभर जेवून, तोंडास हळद फासून ती माणसे १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी बाहेर पडली. हेही काशीराजाचेच कथन.

पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या बाजूस एका सावकारी पत्रातून कळली, हे आपण शाळेत शिकलो. भाऊसाहेब व विश्वासराव ही त्या पत्रातील दोन मोत्ये. मोठे सरदार या मोहरा, आणि त्यांची संख्या सत्तावीस अशी नेमकी दिलेली. रुपये व खुर्दा किती गेला, याची मात्र गणती नव्हती. सांकेतिक भाषाच ती. पण नकळत तिने आपल्या इतिहासलेखनाची रीत सांगून टाकली. मोत्ये आपण जपली, मोहरा मोजल्या. खुर्दा मोजायचा राहून गेला.

त्या खुर्द्यातले एक नाणे मात्र आपल्या ग्वाल्हेरच्या वाट्यास आले. पायास जबर जखम होऊन पडलेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने बैलावर घालून सुखरूप दक्षिणेत आणले. पखालीने पाणी वाहणारा हा माणूस. महादजींनी त्यास बंधूप्रमाणे मानले आणि सरदारकी दिली. १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या ताब्यातून दिल्ली सोडविणाऱ्या फौजेचे नेतृत्व या राणेखानाकडे होते. तो भिस्ती त्या दिवशी तेथे नसता, तर महादजींचे पुढील सारे कर्तृत्व आणि कदाचित आपले येथील वास्तव्यही संभवले नसते.

आपण ज्या भागात राहतो त्याचे नावच लष्कर आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० मध्ये येथे स्थिरावली आणि तिचेच शहर झाले. म्हणजे आपणांपैकी अनेकांचे पूर्वज शिलेदार, बारगीर, कारकून, भिस्ती वा आचारी म्हणूनच येथे आले. त्यांची नावे संग्रहालयांत नाहीत; असलीच तर आपल्या घरांतील जुन्या पेट्यांत, मोडी लिपीतील हिशेबाच्या कागदांत असतील. ती पेटी उघडणारे आणि मोडी वाचणारे, दोघेही आज विरळ झाले आहेत. वाडे पाडले जातात तेव्हा हे कागद रद्दीत जाताना मी पाहिले आहेत.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की कागद वाचता आला नाही तरी तो फेकू नये. शाळेने एक कपाट त्यासाठी राखावे, आणि इच्छुक मुलांसाठी मोडीचा वर्ग आठवड्यातून एकदा चालवावा. शिकविण्यास मी येईन. जोवर डोळे साथ देतील तोवर येईन. मोत्यांची व मोहरांची व्यवस्था इतरांनी केली आहे. खुर्द्याची मोजदाद आपणांसच करावी लागेल.