विमान जमिनीवर असते तेव्हा

विमानाचा धोका म्हटला की आपल्याला आकाश आठवते. परंतु उभ्या विमानाभोवती काम करणारी बरीच माणसे असतात. कोणी सामान उतरवतो, कोणी इंधन भरतो, कोणी चाकांना ठोकळे लावतो. त्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास पाहिला तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : जो धोका डोळ्यांना दिसत नाही, तो माणसाला दाखवायचा कसा?

विमानविद्येच्या पहिल्या दशकांत इंजिन सुरू करण्यासाठी एक माणूस विमानापुढे उभा राहून पंख्याचे पाते हाताने फिरवत असे. इंजिन सुरू होताच त्याला क्षणात मागे व्हावे लागे. त्यातून एक शिस्त आली. जमिनीवरच्या माणसाने 'स्विच बंद' असे ओरडायचे, वैमानिकाने तेच शब्द परत उच्चारायचे आणि मगच पात्याला हात लावायचा. यामुळे ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे उघड होई. पुढे मोटारगाडीवर बसवलेला 'हक्स स्टार्टर' आला, नंतर विमानातच स्टार्टर बसू लागले आणि माणसाचा हात पात्यापासून दूर झाला. धोका मात्र संपला नाही. वेगाने फिरणारी पाती आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून पात्यांची टोके पिवळी रंगवण्याची पद्धत पडली. फिरताना त्यांचे पिवळे वर्तुळ दिसते.

२ मे १९५२ रोजी 'कॉमेट' या जेट विमानाची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याची इंजिने पंखांच्या मुळाशी आत दडवलेली होती. ऑक्टोबर १९५८ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७०७ ची इंजिने मात्र पंखांखाली टांगलेली होती. एअर इंडियाकडे ही विमाने १९६० मध्ये आली. आता इंजिनाचे तोंड जमिनीवरच्या माणसाच्या जवळ आले. १९७० मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७ च्या इंजिनाचा पंखा तर सुमारे २.४ मीटर व्यासाचा, म्हणजे माणसाहून उंच होता.

जेट इंजिनाचा धोका समजण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पेटती मेणबत्ती तोंडापासून वीतभर अंतरावर धरून फुंकर मारा. ती विझते. आता त्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढा. ज्योत जेमतेम हलते. फुंकर एका दिशेने झोतासारखी जाते, पण ओढली जाणारी हवा सर्व बाजूंनी येते. त्यामुळे ढोबळ मानाने तिचा वेग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. चार मीटरवरून दोन मीटरवर आलो तर वेग चौपट होतो आणि एका मीटरवर सोळापट! इंजिनामागचा गरम झोत दुरूनच जाणवतो. पुढची ओढ मात्र दोन पावले आधीपर्यंत फारशी जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात कानांवर आवाजरोधक असतात आणि आजूबाजूला इतर विमानांचा गोंगाट चालू असतो. त्यामुळे इंजिन चालू आहे की नाही हे कानांनीही नीट कळत नाही.

इंद्रियांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून खुणा ठरवाव्या लागल्या. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकतो. तो इंजिन सुरू करण्याआधी लावायचा, इंजिने थांबल्यावरच बंद करायचा आणि तोपर्यंत इंजिनाजवळ कोणी जायचे नाही, असा नियम आहे. पंख्याच्या मधोमध पांढरी वळणदार रेघ काढलेली असते; ती फिरताना दिसली की पंखा फिरतो आहे हे कळते. विमानाला वाट दाखवणाऱ्या माणसाच्या हातांच्या खुणाही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जगभरासाठी ठरवून दिल्या आहेत.

तरीही अपघात झाले. विमान फाटकापासून मागे न्यायचे असते तेव्हा सहसा ट्रॅक्टरने ढकलतात. नंतर ट्रॅक्टर बाजूला होतो, तंत्रज्ञ पुढच्या चाकाची काढलेली पिन उंच धरून वैमानिकाला दाखवतो, वैमानिक हाताने पोच देतो आणि मग विमान स्वतःच्या बळावर निघते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत एअर इंडियाचे हैदराबादला जाणारे विमान माणूस दूर झाल्याची खात्री होण्याआधीच पुढे सरकले आणि तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला.

३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी येथे वेगळे घडले. जमिनीवर असताना वीज पुरवणारे विमानातले छोटे इंजिन नादुरुस्त होते, म्हणून फाटकाशी पोहोचल्यावरही मुख्य इंजिन चालू ठेवावे लागले. कामगारांना ही कल्पना आधीच दिलेली होती. लाल दिवाही चालू होता. तरी एका कामगाराचा मृत्यू झाला. रोज विमान थांबले की इंजिन थांबे. त्या दिवशी तो क्रम बदलला होता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की जुन्या 'स्विच बंद'चे मोल कळते. तिथे एकाने सांगितलेले दुसऱ्याने ऐकल्याचे उत्तर मिळेपर्यंत काम पुढे जात नसे. आपल्या प्रयोगशाळेत वीज किंवा गॅस सुरू करण्यापूर्वी आपण सूचना देतो, पण मुलांकडून ती परत म्हणवून घेतो का? मेणबत्तीच्या प्रयोगानंतर हा प्रश्न वर्गातच चर्चेला घ्यावा, असे आम्हाला वाटते.