मधली शिवण

नागपूरकडच्या खेड्यांत ळ चा य होतो. डोळ्याचा 'डोया', कळमेश्वराचं 'कयमेश्वर' आणि वाकळेची, म्हणजे गोधडीची, 'वाकय'. ही वाकळ व्युत्पत्तिकार थेट संस्कृत 'वल्कला'शी, म्हणजे अंगावर पांघरायच्या झाडाच्या सालीशी नेऊन भिडवतात. आता मात्र घरोघरी फारसीतून आलेली 'चादर' तेवढी उरली आणि पासोडी, चौघडी, धाबळी, दुपट्टा ही नावं तिच्याखाली झाकली गेली. याची मला फार खंत वाटते, कारण जुनं हातमागाचं पांघरूण ओळखायची खूण या नावांतच आहे.

'दुपट्टा' घ्या. आज तो ओढणी झाला किंवा सत्काराचं वस्त्र. मुळात तो दोन पट जोडलेला. का जोडलेला? खड्डामागावर कोष्टी, म्हणजे विणकर, आडवा धागा नेणारा धोटा एका हातानं टाकी, दुसऱ्या हातानं झेली. हात पोचेल तेवढाच पन्हा. (पन्हा हाही फारसीच, अर्थ रुंदी.) अंगभर पांघरायचं तर दोन पट्ट्या विणून काठाला काठ शिवायच्या. इंग्लंडात जॉन के यानं १७३३ साली दोरीनं पळणारा धोटा काढला, तेव्हा कुठे एकट्या विणकराला रुंद कापड विणता येऊ लागलं. अमेरिकेतल्या जुन्या हातविणीच्या पांघरुणांतही मधोमध अशीच शिवण सापडते.

पासोडी म्हणजे जाड, दुहेरी पांघरूण. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आजही आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला. पांघरुणाचा ग्रंथ झाला, तरी लोकांनी त्याला पासोडीच म्हटलं!

ही पांघरुणं विणणाऱ्यांचं 'कोष्टी' हे नाव रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात 'कोसा', म्हणजे टसर रेशमाशी जोडलं. कळमेश्वर तालुक्यात चंद्रभागेकाठचं धापेवाडा विठोबासाठी प्रसिद्ध, पण ते कोष्ट्यांचंही जुनं गाव. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली आणि मागावरचं कापड हळूहळू मागं पडलं.

जुन्या पेटीतून एखादं पांघरूण निघालं तर मधोमध बोट फिरवून पाहा. शिवणीच्या दोन्ही अंगांना कातरलेली कड नसून विणीचा मूळ काठ असेल, पट्टे केसभर मागंपुढं झाले असतील, तर ते हातमागाचं असण्याची दाट शक्यता आहे. ती शिवण उसवू नका, फडक्यांसाठी कापड फाडू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचं नाव विचारून, ते म्हणतील तसंच, लिहून ठेवा.