सोवळ्यातलं टोस्ट सँडविच

मंडळी, हल्ली आपल्या बडोद्यात अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत जिथे पाहावं तिथे 'फ्युजन टोस्ट सँडविच'च्या पाट्या दिसतात. पनीर, शेजवान, चॉकलेट, वाटेल ते दोन स्लाइसमध्ये घालून दाबतात. माझी हरकत नाही, नातवंडांबरोबर मीही खातो. पण फ्युजन ही आत्ताच्या पोरांनी काढलेली टूम आहे असा जो समज झालाय, तो काही बरोबर नाही. दांडिया बझारच्या आमच्या घरात १९६०च्या दशकातच असं एक सँडविच तयार झालं होतं. आणि त्याचं कारण होतं पावाची बंदी.

आधी पावाचं खातं उघडतो. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज. 'बटाटा'ही पोर्तुगीजच. मिरची आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. म्हणजे बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट आणि हिरवी चटणी घातलेलं मुंबईचं टोस्ट सँडविच आपण अस्सल देशी म्हणून खातो, त्यातला बराच माल आयातीचा! गोव्याचे पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर घालत. सूर म्हणजे ताडी, आणि वर भट्टी ख्रिस्ती माणसाची. सोवळ्या घरांना एवढं पुरेसं होतं. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी गोव्यात आणि वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यातल्या किती तशाच घडल्या हा वेगळा प्रश्न, पण पाव खाल्ला की माणूस बाटतो हे लोकांच्या मनात पक्कं बसलं.

शिकलेल्यांचीही यातून सुटका नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. पुढे वर्तमानपत्रात नावं छापून आली, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली आणि प्रायश्चित्ताचं प्रकरण दोन वर्षं चाललं. चहा-बिस्किटांवरून एवढं, तर अख्ख्या पावाचं काय?

आमच्या घरी ही जुनी हद्द सांभाळायला थोरली आत्या होती. माझ्या वडिलांची मोठी बहीण, बालविधवा, लाल आलवणातली. कांदा नाही, लसूण नाही, बाहेरचं पाणीसुद्धा नाही. फत्तेगंजच्या कॅम्पाकडून डबलरोटी यायची ती मागच्या दाराने, आणि तिची सुरी वेगळी. वडील एकदा मुंबईला ऑफिसच्या कामाला गेले असताना तांबाकाट्यावरून लांब दांड्यांचा टोस्टर घेऊन आले. दोन तव्या, मध्ये बिजागरी, आतून खोलगट. या वस्तूलाही मोठा गोतावळा आहे. युरोपात लांब दांड्यांच्या लोखंडी साच्यांत वेफर भाजायची पद्धत कित्येक शतकांची. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम-चीजचं 'क्रोक मस्यू' कॅफेंमध्ये चालू झालं. ऑस्ट्रेलियात १९४९ साली डॉ. स्मिथर्स नावाच्या गृहस्थांनी 'जॅफल आयर्न'चं पेटंट घेतलं, तो तर हुबेहूब आपला टोस्टर. कडा दाबून बंद होतात, आतलं सारण बाहेर येत नाही. करंजी जाणणाऱ्या बायकांना यात नवीन काही शिकवायची गरजच नव्हती.

कोळशाच्या शेगडीवर पहिलं सँडविच भाजलं तेव्हा वडील आत्याला गमतीने म्हणाले, "अक्का, अग्नीतून काढलंय, आता तरी चालेल ना?" ती म्हणाली, "पाव पायाने तुडवतात. ते काय विस्तवाने जातंय?" विषय संपला.

पण वास काही संपला नाही. लोणी, मिरची आणि भाजलेलं पीठ यांचा तो वास सोवळ्यातसुद्धा येतोच. पुढच्या खेपेला तिने वडिलांकडून दुसरा टोस्टर मागवला, ज्याला पाव कधी लागला नव्हता. तो राखेने घासून वेगळ्या खुंटीला टांगला. थंडीचे दिवस होते, बाजारात तुरीचे ओले दाणे, म्हणजे इथले लीलवा, आले होते. शेजारच्या गुजराती बा लीलवाची कचोरी करत. त्यांच्याकडून आत्याने सारणाची रीत घेतली आणि गरम मसाल्याच्या जागी आपला गोडा मसाला घातला. पावाच्या जागी पोळी. आमच्या सँडविचपेक्षा ते चांगलं लागायचं हे आम्ही पोरांनी आठवड्याभरातच ठरवलं, आणि आमचे ब्रेडचे स्लाइस पडून राहायला लागले.

हे सगळं मी गमतीने सांगतोय, पण सोवळं ही नुसती गमतीची गोष्ट नव्हती. याच शहरात १९१७ साली, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं. आत्या तेव्हा बारा-तेरा वर्षांची, नुकतीच माहेरी परत आलेली. ज्या नियमाने तिच्या ताटात काय पडायचं ते ठरवलं, त्याच नियमाने त्यांना दार बंद केलं. तिने तो नियम केला नव्हता. पण पाळला मात्र शेवटपर्यंत.

बाहेर तोवर जग बदलत होतं. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली, ऑस्ट्रेलियाच्या मदतीने. मेणकागदात बांधलेला, मशीनवर कापलेला ब्रेड घरोघर पोचला आणि 'पायाने तुडवतात' हा मुद्दा निकालात निघाला. (हीच मॉडर्न २००० साली सरकारने हिंदुस्तान लिव्हरला विकली, ७४ टक्के. आम्हा बँकवाल्यांत तेव्हा निर्गुंतवणुकीवर रोज वाद.) शेजारच्या आणंदहून अमूलचं लोणी येतच होतं. आमच्या घरात ब्रेड पुढच्या दाराने यायला लागला. आत्याने तोही खाल्ला नाही.

कृती बऱ्याच जणांनी विचारली होती म्हणून देतो. वाटीभर तुरीचे ओले दाणे जाडसर वाटायचे. तेलात हिंग, तीळ, आलं-मिरची, मग दाणे घालून झाकणावर वाफवायचे. ओलं खोबरं, कोथिंबीर, गोडा मसाला, मीठ, लिंबू आणि चिमूटभर साखर (ही बडोद्याची). सारण कोरडं हवं. पोळी अर्धवट भाजायची, पूर्ण भाजली तर कडा चिकटत नाहीत. टोस्टरला तूप लावून पोळी अशी घालायची की अर्धी बाहेर राहील, सारण भरून ती अर्धी वर दुमडायची आणि दाबून बंद करायचं. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. बाहेर आलेल्या कडा कात्रीने कापू नका, त्याच सगळ्यात कुरकुरीत असतात.

आत्याचा टोस्टर माझ्याकडे आहे. बिजागरी सैल झाल्याने तार बांधून वापरतो. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या कुणाच्या घरी असा दुसऱ्या खुंटीचा टोस्टर होता का, आणि त्यात काय भरत, ते जरूर लिहा.