कान वाजतायत... दोन हजार वर्षांपासून

कुणी भलतंच काही ऐकलं की आपण पटकन म्हणतो, "कान वाजतायत का तुझे?" मी पण म्हणायचो. आता नाही म्हणत, कारण माझे खरंच वाजतात. चोवीस तास. हे लिहितोय तेव्हासुद्धा. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही चालू असला की एक बारीक 'ईईई' ऐकू यायचं, आठवतंय? अगदी तसंच. फरक इतकाच की ह्या टीव्हीला बटण नाही.

वैद्यकीय भाषेत ह्याला टिनिटस म्हणतात. माझा दोन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या रात्री सुरू झाला. सहा वर्षं मी पुण्यात ढोलपथकात ताशा वाजवत होतो. ऑफिस सुटलं की नदीकाठी सराव, शनिवार-रविवार तर विचारूच नका. विसर्जनाच्या रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजायची, दर वर्षी वाजायची आणि दोन दिवसांत जायची. पथकातल्या एका नवीन पोराने एकदा विचारलं होतं, "दादा, कानात कुंई होतंय, चालतं का?" मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "होतं रे, परवापर्यंत जाईल." त्याचं गेलं बहुतेक. माझं त्या वर्षी गेलं नाही.

पंधरा दिवसांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून ऑडिओग्राम काढला. आलेख सरळ चालला होता आणि ४००० हर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजाने खराब झालेल्या कानाची ही ठरलेली खूण. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही ह्याला. सवय होईल." मला इतका राग आला सांगू! सवय होईल म्हणजे काय? आम्ही क्लायंटला 'बग आहे, पण सवय होईल' असं सांगितलं तर?

घरी येऊन आधी गणित मांडलं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, असा एक सर्वमान्य हिशोब आहे. त्याच हिशोबाने दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन... १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतला आवाज अनेक वर्षं १०० च्या आसपास मोजला गेलाय, आणि ताशा तर माझ्याच पोटाशी बांधलेला. मी वाजवत होतो सहा सहा तास. इंजिनिअरिंगला लॉगरिदम शिकून हा उपयोग केला मी!

मग बग सापडत नसला की मी जे करतो तेच केलं, जुने लॉग वाचायला घेतले. माझ्या आधी ज्यांचे कान वाजले त्यांनी काय केलं? पुढचे कित्येक वीकेंड ह्यात गेले. त्यातलं थोडं आज सांगतो.

सुरुवात घरापासून. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग दिलेत. त्यात 'कर्णनाद' आहे आणि वेगळा 'कर्णक्ष्वेड' पण आहे. कर्णनादात भेरी, मृदंग, शंख असे आवाज येतात आणि कर्णक्ष्वेडात बासरीसारखा. म्हणजे जाड आवाज आणि बारीक आवाज हा फरक त्यांनी तेव्हा केला होता. माझा कर्णक्ष्वेड म्हणायचा. उपाय? वात शमवायचा, कानात तेल घालायचं.

गंमत पुढे आहे. मध्ययुगातल्या हठयोगप्रदीपिकेत नादानुसंधान सांगितलंय. कान बंद करून आतला नाद ऐकायचा. तिथेही आधी समुद्र, मेघ, भेरी, मग शंख आणि घंटा, आणि शेवटी बासरी, वीणा, भुंगा! वैद्याच्या यादीतली वाद्यं योग्याच्या यादीत पण हजर. दोन्ही आवाज एकच आहेत असं मला म्हणायचं नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण एकाकडे जो रोग, तेच दुसऱ्याकडे प्रगतीचं लक्षण, हे वाचून मी जरा थबकलो. आवाज काय आहे ह्याइतकंच आपण त्याला काय समजतो हेही महत्त्वाचं असावं, असं पहिल्यांदा तिथे वाटलं.

रोमन लोकांचं आणखी वेगळं. पहिल्या शतकातला प्लिनी लिहून गेलाय की कान वाजले तर कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं लोक मानतात. आपल्याकडे उचकी लागली की आठवण, तसंच हे. ह्या हिशोबाने माझ्याबद्दल दोन वर्षं अखंड कुणीतरी बोलतंय. बहुतेक टेस्टिंग टीम. :)

अरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात मात्र खरा कामाचा प्रश्न आहे: बाहेर आवाज केला की कानातला गुणगुणाट थांबतो, तो का? मोठा आवाज लहान आवाजाला हाकलतो म्हणून का? हा प्रश्न लक्षात ठेवा, आपण परत इथेच येणार आहोत.

आता युरोपात जाऊ. १७०० साली इटलीच्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ मध्ये तो वाढवला. त्यात व्हेनिसच्या तांबटांबद्दल आहे. दिवसभर तांब्यावर हातोडे मारून त्यांचे कान जातात, म्हातारपणी ठार बहिरे होतात. हे वाचताना मला कसब्यातली आपली तांबट आळी आठवली. तिथून गाडीवरून जाताना मी फक्त 'काय मस्त ठोक्याचं काम आहे' एवढंच बघायचो. ठोके मारणाऱ्याच्या कानाचं काय, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

जाँ-जाक रूसो माहितीच असेल, फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीचा विचारवंत. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की तरुणपणी एका सकाळी लहानसं टेबल सारखं करताना एकदम डोक्यात वादळ उठलं आणि कानात आवाज सुरू झाले. एक नाही, चार प्रकारचे. घुमणारा, वाहत्या पाण्यासारखा, शिट्टीसारखा आणि नाडीच्या ठोक्यांचा. त्याला वाटलं आपण आता मरणार. मेला नाही. ऐकू कमी आलं, झोप उडाली, आवाज राहिले आणि त्यांच्यासकट तो पुढे चाळीसेक वर्षं जगला, १७७८ मध्ये गेला. त्याची जी पुस्तकं जग वाचतं ती सगळी ह्या आवाजात लिहिलेली आहेत.

बेथोवेन बहिरा होता हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचे कान रात्रंदिवस वाजत होते हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. जून १८०१ मध्ये त्याने वेगेलर ह्या आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून हे कळवलं. तेव्हा तो ३० वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. उपचारांची यादी वाचून वाईट वाटतं: कानात बदामाचं तेल, गार पाण्याच्या आंघोळी, मग डॅन्यूबच्या कोमट पाण्याच्या आंघोळी, दंडाला कसल्या तरी झाडाची साल बांधणं. (सुश्रुतापासून बेथोवेनपर्यंत तेल काही सुटलं नाही!) पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तो सांगतो की दोन वर्षं मी लोकांत मिसळणं टाळतोय, कारण मला ऐकू येत नाही हे मी लोकांना सांगू शकत नाही. मी पण पथकाच्या ग्रुपवर 'कामात आहे' एवढंच टाकत होतो. आईलासुद्धा तीन महिने सांगितलं नव्हतं. एका रात्री तीन वाजता मी पंखा पाचवर ठेवून जागाच बसलेला तिने बघितला, तेव्हा सांगावं लागलं. ती म्हणाली, "अरे, मग एकटा कशाला ऐकत बसलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चेक संगीतकार स्मेतानाची गोष्ट अजून कडू आहे. १८७४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानात विचित्र आवाज सुरू झाले आणि ऑक्टोबरपर्यंत तो पूर्ण बहिरा झाला. प्रागच्या थिएटरातली नोकरी सुटली. तरी त्याच वर्षाच्या शेवटी त्याने 'व्ल्तावा' लिहिलं, नदीचं ते प्रसिद्ध संगीत. नदी वाहतेय आणि ती लिहिणाऱ्याला एक सूरही ऐकू येत नाहीये. मग १८७६ मध्ये त्याने चार तंतुवाद्यांसाठी 'माझ्या आयुष्यातून' नावाची रचना केली. शेवटच्या भागात सगळं आनंदात चाललेलं असतं आणि अचानक सगळं थांबतं. पहिलं व्हायोलिन वरच्या पट्टीतला एकच सूर लांबवत राहतं. ती त्याच्या कानातली शिट्टी. मी हे हेडफोनशिवाय, अगदी हळू आवाजात ऐकलं. तो सूर लागला आणि अंगावर काटा आला. बाहेरून ऐकल्यावर कळलं की मी आत काय ऐकतो ते. स्मेताना सुटला नाही, १८८४ मध्ये प्रागच्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याचा आजार कानापुरता नव्हता. पण जो आवाज फक्त त्यालाच ऐकू यायचा, तो त्याने सगळ्या जगाला ऐकवला.

आता अरिस्टॉटलच्या प्रश्नाकडे. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत इतार नावाचे डॉक्टर होते. १८२१ मध्ये त्यांनी कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात प्रामाणिकपणे कबूल केलंय की बऱ्याचदा हा आवाज बरा करता येत नाही. मग ते दुसरी वाट सांगतात: बाहेरच्या आवाजाने तो झाका. चुलीत ओली लाकडं जाळा, ती सुरसुरत राहतात. अगदीच असह्य झालं तर पाणचक्कीच्या शेजारी राहायला जा! त्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी, १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये जॅक व्हर्नन हे संशोधक टिनिटस असलेल्या एका डॉक्टरबरोबर चालले होते. वाटेत एक कारंजं लागलं आणि तो डॉक्टर तिथून हलेचना, कारण त्या पाण्याच्या आवाजात त्याचा टिनिटस ऐकू येत नव्हता. त्यावरून व्हर्नन ह्यांनी कानात घालायचं आवाजाचं यंत्र बनवलं. आज तुमच्या फोनमध्ये पावसाचा आवाज लावणारं अॅप असतं ना, ते त्या ओल्या लाकडांचंच नातवंड.

पण झाकणं म्हणजे पॅच झाला, मूळ बग कुठे आहे? इथे एक धक्का बसतो. गाठ काढताना ज्यांची श्रवणाची नसच कापावी लागली, अशा बऱ्याच जणांचा टिनिटस तसाच राहिला. वायर तोडली तरी आवाज चालू! म्हणजे आवाज कानात नाहीच. कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या की त्या पट्टीचा सिग्नल मेंदूकडे येत नाही, मग मेंदू तिथला व्हॉल्यूम वाढवतो आणि स्वतःचाच नॉईज ऐकत बसतो, असं आज मानलं जातं. माझा खड्डा ४००० पाशी आणि शिट्टी पण त्याच्याच जवळपासची. माणसात ह्या पेशी परत उगवत नाहीत.

१९५३ मधला एक प्रयोग आहे. हेलर आणि बर्गमन ह्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले! म्हणजे नॉईज सगळ्यांच्याच यंत्रणेत आहे. मग त्रास मूठभरांनाच का? १९९० मध्ये यास्त्रेबॉफ ह्या शास्त्रज्ञाने मांडलं की मेंदूने त्या आवाजाला धोका मानलं की तो पुन्हा पुन्हा तपासत राहतो, आणि तपासला की तो अजून मोठा वाटतो. रात्री उंदराची खुडबुड ऐकू येते, पण पंखा ऐकू येत नाही, तसं. विचारांची पद्धत बदलणारे उपचार आज ह्यात उपयोगी पडतात. त्यांनी आवाज कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो.

इथे मला डॉक्टरांचं 'सवय होईल' नव्याने कळलं. त्यांनी ते नीट समजावलं नाही, एवढीच माझी तक्रार राहिली. दोन हजार वर्षं माणसं कानात तेल ओतत बसली, कारण आवाज तिथून येतो असं वाटत होतं. ज्यांचं थोडं बरं चाललं, ते आवाज थांबायची वाट न बघता कामाला लागले. पूर्ण शांतता मला परत मिळणार नाही. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. पण आता शिट्टी ऐकू आली की 'हां, मेंदू व्हॉल्यूम वाढवतोय' एवढं म्हणून मी कोडकडे वळू शकतो. रोज नाही जमत. आठवड्यातले पाच दिवस जमतं. झोपताना पावसाचा आवाज हळू लावतो.

(एक सूचना, गंभीरपणे. आवाज एकाच कानात असेल, नाडीसारखा ठोके देत असेल किंवा एकदम ऐकू येणं कमी झालं असेल, तर असले लेख वाचत बसू नका, ताबडतोब डॉक्टरकडे जा. आणि मनाने कानात तेल घालू नका.)

ह्या वर्षी पथकात परत गेलो. ताशा नाही घेतला, ध्वज घेतला आणि कानात चांगले इअरप्लग. सरावाच्या पहिल्या दिवशी प्लगची मोठी पिशवी घेऊन गेलो होतो. निम्म्या पोरांनी हसून खिशात टाकले. तो जुना पोरगा, ज्याला मी 'परवापर्यंत जाईल' म्हटलं होतं, तो आता ताशाच्या पहिल्या रांगेत असतो. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं."

त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि प्लग घातले. मग म्हणाला, "दादा, मोठ्याने बोला, ऐकू येत नाहीये."