नागपूरकर भोसल्यांच्या राण्यांचें स्त्रीधन

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले व १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें. दत्तकाचा वाद पुष्कळ चर्चिला गेला आहे. आम्हांस येथें वाड्यांतील स्त्रियांच्या मालमत्तेचा विचार कर्तव्य आहे.

इंग्रजांनीं जवाहीर राज्याचें म्हणून ताब्यांत घेतलें. हत्ती, घोडे सीताबर्डीवर लिलावांत गेले. दागिने कलकत्त्यास विकले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध पत्नी बांकाबाई यांनीं निकरानें विरोध केला, तो व्यर्थ गेला. विक्रीचा पैसा पुढें कुटुंबासाठीं राखिला हें खरें. पण मालकी गेली ती गेलीच.

याज्ञवल्क्यांनीं स्त्रीधनांत माहेरच्या देणग्यांबरोबर आधिवेदनिकही, म्हणजे दुसरी स्त्री करितांना पतीनें पहिलीस द्यावयाचें धन, गणिलें आहे. अनेक राण्यांच्या घरीं हा शब्द केवळ पोथींतला राहत नाहीं! मिताक्षरेनें तर वारशानें व खरेदीनें आलेलेंही स्त्रीधनांत घातलें. तेव्हां गादीचें कोणतें व राणीचें कोणतें, हें जिन्नसवार पाहणें अवश्य होतें.

इराणांतील काजार राजस्त्रियांचा मेहर विवाहलेखांत नमूद असे. नेकनूरसारख्या पूर्वीच्या निजामी मुलखांतील गांवीं मेहर म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. हिंदु विवाहांत असा करार नसे. म्हणून राण्यांचा हक्क शास्त्रांत असूनहि जप्तीच्या वेळीं दुबळा ठरला, असें आम्हांस वाटतें.

१८५७ त बांकाबाईंनीं आप्तांस उठावापासून परावृत्त केलें. १८५८ त त्या वारल्या. १८६० त दत्तक जानोजींस ‘देऊरचे राजाबहादूर’ हा किताब मिळाला.